आमचीं दोन इंजिनें

छंद हा शब्द उच्चारला कीं सुशिक्षित कुटुंबांत त्याचे कांहीं ठराविक अर्थ डोळ्यांपुढें येतात. पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं, अडकित्ते, गुलाबाचीं कलमें, फार तर सतार. हे सारे छंद दिवाणखान्यांत मांडतां येतात, पाहुण्यांस दाखवितां येतात, आणि त्यांच्यामुळें कपड्यांवर न निघणारे डाग पडत नाहींत. आमचा छंद या यादींत बसत नाहीं. विहिरीवरचीं जुनीं, बंद पडलेलीं तेलाचीं इंजिनें मिळवावीं, खोलावीं, साफ करावीं आणि पुन्हां चालतीं करावीं, हा शाळेंतून निवृत्त झाल्यापासूनचा आमचा उद्योग आहे. घरांतील मंडळी त्यास छंद म्हणण्यास अद्याप तयार नाहींत. त्यांच्या मतें ही भंगाराची आवड होय. आणि अंगणांतील चाफ्याखालीं पसरलेलें लोखंड पाहिल्यावर एखाद्या त्रयस्थासहि तें मत अगदींच निराधार वाटणार नाहीं.

यंत्रावर जीव जडणें ही गोष्ट तशी जगावेगळी नव्हे. युरोप-अमेरिकेंतील अरण्यप्रदेशांत लांकूडतोडीच्या जुन्या साखळी-करवती जमविणारे हौशी लोक आहेत. जर्मनींतील आंद्रेआस श्टील या गृहस्थानें १९२६ सालीं विजेवर चालणारी अशी करवत काढली. ती चालविण्यास दोन माणसें लागत. पुढें १९२९ सालीं त्याची पेट्रोलवर चालणारी करवत निघाली. त्या पिढीच्या करवतींना तेलपाणी करून त्यांचा कर्कश आवाज मोठ्या प्रेमानें ऐकणारे लोक तिकडे आहेत. आमच्या परभणी जिल्ह्यांत अरण्य म्हणण्यासारखें फारच थोडें. जिंतूरकडचे डोंगर सोडले तर नजर जाईल तिकडे काळी जमीन, बांधावर एखादी बाभूळ आणि मळ्यांत एखादा लिंब. अशा ठिकाणीं करवतीवर कोण प्रेम करणार? येथल्या माणसाचें सारें लक्ष पाण्याकडे. आणि म्हणून येथें ज्या यंत्रानें लोकांचें मन जिंकलें, तें पाणी ओढणारें यंत्र होय.

मोटेचे दिवस आम्हीं अगदीं लहानपणीं पाहिलेले आहेत. चामड्याची मोट, तिचा नाडा आणि सोंदूर, धावेवरून मागें-पुढें होणारे बैल आणि थारोळ्यांत धप्पकन् पडणारें पाणी, हें चित्र कोणासहि मोहक वाटेल. पहांटेच्या मोटेवर म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांविषयीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. बैलांच्या खांद्यांविषयीं मात्र फारसें कोणी लिहीत नाहीं. ज्यांनीं ते सोलवटलेले खांदे पाहिले आहेत, त्यांना विहिरीवर पहिलें इंजिन आलें तेव्हां गांवानें त्याला नारळ कां फोडला, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. सेलू-मानवतकडील सरकी काढण्याच्या कारखान्यांतून यंत्रांची धडधड लोकांच्या कानीं आधींच पडलेली होती. शेतकऱ्याच्या विहिरीवर तीं मागाहून आलीं. कोणीं लिंकन येथील रस्टन-हॉर्न्सबी कंपनीचें आणलें, कोणीं डर्स्लीच्या लिस्टरचें. आपल्याकडे सातारा रोड येथें कूपरांच्या कारखान्यांत इंजिनें होऊं लागलीं. त्या कारखान्याचे संस्थापक धनजीशा कूपर हे १९३७ सालीं कांहीं महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान होते. लोक तें केव्हांच विसरले, पण कूपर इंजिनाचें नांव खेड्यांतील म्हाताऱ्यांना अजून पाठ आहे. पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्करांचा तेल-इंजिनांचा कारखाना १९४६ सालीं निघाला. किर्लोस्कर हें नांव साहित्यप्रेमी वाचकांस निराळ्या कारणानें परिचित आहे. नांगर आणि चरक विकणाऱ्या किर्लोस्करवाडीनेंच १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ काढली, आणि मराठी घरांत मासिक वाचण्याची गोडी लावणाऱ्यांत तिचा वांटा मोठा आहे. मराठींत लोखंड आणि लेखणी यांचें इतकें सख्य दुसऱ्या कोणत्या आवारांत झाल्याचें आम्हांस आठवत नाहीं. पुढें राजकोटच्या अनेक कारखानदारांनीं लिस्टरच्या नमुन्याचीं हुबेहूब इंजिनें ओतण्यास सुरुवात केली. आणि त्यांचे उपकार आम्ही आजहि मानतों, कारण डर्स्लीचा मूळ कारखाना हीं इंजिनें करीनासा झाला तरी त्यांचे सुटे भाग राजकोटहून टपालानें येतात.

आमचें पहिलें इंजिन, ज्यास आम्ही ‘थोरलें’ म्हणतों, तें लिस्टरचें. सहा अश्वशक्तीचें, दोन बाजूंस दोन प्रचंड चाकें असलेलें, मिनिटास ६५० फेऱ्या करणारें. तें आमच्या आजोळच्या मळ्यांतील विहिरीवर होतें. पोलीस कारवाईनंतरच्या सालीं आजोबांनीं तें घेतलें, आगगाडीनें परभणी स्टेशनावर उतरविलें आणि तेथून दोन दिवसांच्या मुक्कामानें बैलगाडींतून मळ्यावर आणलें, असें आम्ही ऐकत आलों आहोंत. त्या विहिरीपाशीं उभें राहून खालीं पाहिलें तर एक मजेदार गोष्ट दिसते. बांधीव कांठाच्या खालीं, मुरुमांत खोदलेल्या तीन बैठका, एकीखालीं एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या आहेत. या तीन बैठकांत त्या इंजिनाचें सारें चरित्र आलें.

वाचकांपैकीं ज्यांनीं शाळेंत पदार्थविज्ञान मनापासून शिकलेलें नाहीं, त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. पंप पाणी ‘ओढतो’ हें बोलणें सोयीचें, पण खरें नव्हे. पंप नळींतील हवा काढतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्यास नळींत वर ढकलतो. हा दाब पाण्याचा साधारण ३४ फूट उंचीचा स्तंभ तोलूं शकतो, त्याहून अधिक नाहीं. प्रत्यक्षांत सांधे, नळीचीं वळणें आणि पंपाची झीज यांमुळें २५ फुटांच्या आसपासच पंप हात टेकतो. मग इंजिन सहा अश्वशक्तीचें असो वा साठ अश्वशक्तीचें असो, निसर्गाच्या या नियमापुढें कोणाचें कांहीं चालत नाहीं. म्हणून पाणी खालीं गेलें कीं पंपहि खालीं न्यावा लागे. पहिली बैठक आजोबांनीं खोदली. दुसरी १९७२ च्या दुष्काळानंतर मामांनीं खोदली. तिसरी पुढें दहा-बारा वर्षांनीं, आणि ती इतकी खोल कीं लांब पट्टा पुरेना, म्हणून इंजिनच दोरखंडांनीं विहिरींत उतरवावें लागलें. विहिरींत इंजिन चालविणें हें धोक्याचें काम होतें. धुराची नळी वरपर्यंत नेली नाहीं, किंवा तिचा सांधा सुटला, तर विषारी वायु विहिरींत भरे; आणि इंजिन पाहण्यास उतरलेला माणूस पुन्हां वर येत नसे. अशा बातम्या त्या काळीं वर्षाकांठीं कानावर येत.

इंजिनें विजेमुळें गेलीं, असें लोक म्हणतात. तें अर्धेंच खरें आहे. वीज आली, मोटार स्वस्त पडली, हें खरेंच; परंतु विजेची मोटार कांहीं वर्षें त्याच तिसऱ्या बैठकीवर बसून तेंच पाणी ओढीत होती. पुढें पाणी त्याहि खालीं गेलें. आमचा मुलूख काळ्या पाषाणाचा आहे. वरचा कुजका दगड आणि भेगा यांत जें पाणी मुरतें तेवढेंच आपलें. खालचा सलग खडक फारसें पाणी धरीत नाहीं. मोटेच्या काळीं बैल थकत, आणि ते थकत म्हणून विहिरीस उसंत मिळे. इंजिन थकत नव्हतें. रात्रभर चाले. बैलांचे खांदे वांचले, ऊंस-गहूं पिकले, मुलें शिकलीं (प्रस्तुत लेखकाच्या शाळेची फी याच विहिरीच्या मळ्यांतून गेलेली आहे), आणि विहीर आटली. आज तेथें बोअर आहे आणि त्यांत पाण्यांत बुडून चालणारी मोटार आहे. विहिरीच्या तळाशीं उन्हाळ्यांत बाभळीची रोपें उगवतात. ज्या यंत्रास आम्ही इतक्या प्रेमानें तेल पाजतों, त्यानेंच हें केलें, हें आम्ही विसरूं शकत नाहीं. त्यामुळें आमचें प्रेम कमी होत नाहीं. पण तें निर्मळहि राहत नाहीं.

थोरलें तीसएक वर्षें गोठ्यामागें पडून होतें. मामेभावानें एके दिवशीं फोन करून सांगितलें, “दादा, भंगारवाला आलाय. किलोवर घेतो म्हणतोय.” आम्हीं भंगारवाल्याच्या भावावर किलोमागें एक रुपया अधिक देऊन तें सोडविलें. मामेभाऊ पैसे घेण्यास तयार नव्हता. पण फुकट मिळालेल्या वस्तूवर घरांत बोलण्याचा अधिकार राहत नाहीं, म्हणून आम्हीं ते दिले.

हेड काढलें तेव्हां सिलिंडरांत कुंभारमाशीनें मातीचें घर बांधलेलें आढळलें. त्याखालीं पिस्टन सिलिंडरास असा चिकटलेला कीं दोन्ही जणूं एकाच ओतकामांतून निघाले असावेत. अशा वेळीं बळ उपयोगी पडत नाहीं. डिझेल आणि रॉकेल सारखें घेऊन पिस्टनवर ओतावें, आणि रोज संध्याकाळीं बाभळीचा ठोकळा ठेवून त्यावर हातोड्याचे हलके ठोके द्यावे. असे कीं शेजाऱ्यास खलबत्ता चालल्याचा भास व्हावा. एकोणिसाव्या दिवशीं तो केसभर हलला. त्या क्षणाचें सुख सांगणें अवघड आहे. ज्यांनीं अडलेलें गणित रात्रीं झोपेंत सुटल्याचा अनुभव घेतला असेल, त्यांना तें थोडेंसें कळेल. पुढें लहानसहान भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत टांगले आणि बॅटरी भरण्याच्या चार्जरनें त्यांतून वीज सोडली. भाग ऋण टोंकास आणि एखादा टाकाऊ पत्रा धन टोंकास जोडावयाचा. मग गंज आपोआप सुटून काळ्या गाळासारखा खालीं बसतो, आणि खालचें चांगलें लोखंड एक रतिभरहि झिजत नाहीं. पिस्टनच्या कड्या राजकोटहून आल्या. वाल्व्ह घासण्यास मात्र विकतचा उपाय नाहीं. बारीक लेप लावून तो बैठकींत हातानें अर्धा-अर्धा फिरवीत बसावें लागतें, तोंपर्यंत कीं सर्व बाजूंनीं सारखें राखी रंगाचें वलय दिसावें. या कामांत आमच्या चार दुपारी गेल्या. त्या वायां गेल्या असें आम्हांस वाटत नाहीं.

हें सारें आम्ही एकट्यानें करूं शकलों नसतों. आमच्या तालुक्यांत पूर्वी इंजिनें दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. वय ऐंशींच्या घरांत, नजर मंद, पण कान शाबूत. त्यांना सारा तालुका चाचा म्हणतो, तसे आम्हीहि म्हणतों. ते आले, खुर्ची नाकारून पोत्यावर बसले आणि थोरल्यावरून हात फिरवूं लागले. सिलिंडरच्या पाण्याच्या कवचास एक जुनी भेग होती. तापलेल्या इंजिनांत कोणीं तरी थंड पाणी ओतल्यानें ती पडलेली असावी. तीवर लोखंडी पट्टी आठ स्क्रूंनीं बसवून सफेद्यानें सांधलेली होती. चाचांचा हात त्या पट्टीवर थांबला. मग तो गव्हर्नरकडे गेला, आणि ते हंसूं लागले.

“गुरुजी, ही स्प्रिंग माझ्या सायकलीची हाय.”

हकीकत अशी निघाली. सत्तर सालाच्या सुमाराची गोष्ट. गव्हाचें शेवटचें पाणी चालू असतां रात्रीं गव्हर्नरची स्प्रिंग तुटली. दुकान परभणीस, तेथें जाऊन येण्यांत दोन दिवस गेले असते आणि ओंबी भरण्याआधींच गहूं वाळला असता. चाचांनीं आपल्या सायकलीच्या बैठकीखालची स्प्रिंग काढून इंजिनास लावली, आणि चार कोस उभ्यानें पायडल मारीत घरीं गेले. “दुसऱ्या दिवशी बदलू म्हणलं व्हतं,” ते म्हणाले, “मालकांनी बोलावलंच नाही. चालतंय म्हणल्यावर कोण बोलावतं?”

ती स्प्रिंग ठेवावी असें आम्हीं तत्काळ ठरविलें. कारखान्यांतून इंजिन ज्या स्थितींत निघालें ती स्थिति एक-दोन दिवसांची. सायकलीच्या स्प्रिंगवर तें कितीतरी वर्षें चाललें. मग त्याचें खरें रूप कोणतें? आमचा भाचा त्या वेळीं पुण्याहून आलेला होता. त्याचें म्हणणें अगदीं उलट. “मामा, एवढं केलंत तर सगळे भाग मूळचे टाका, हिरवा रंग मूळचा द्या. नवंकोरं दिसलं पाहिजे.” परदेशांतील हौशी मंडळींनीं दुरुस्त केलेल्या इंजिनांचीं चित्रें त्यानें आम्हांस दाखविलीं. तीं आरशासारखीं लखलखत होतीं. पितळ घांसलेलें, रंगावर बोट उठेल असा, आणि कोठें एक ओरखडा नाहीं. त्या लोकांची चिकाटी आम्हांस मान्य आहे. परंतु तीं चित्रें पाहून आम्हांस तैलरंगानें माखलेल्या जुन्या देवळांची आठवण झाली. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटला कीं प्रथम रंगाचा डबा येतो. आणि सातशें वर्षांपूर्वीच्या पाथरवटानें जी छिन्नीची खूण ठेवली, ती गुलाबी आणि पिस्ता रंगांखालीं जाते. देऊळ नवें दिसतें, पण पाथरवट नाहींसा होतो. इंजिनाच्या बाबतींत तो पाथरवट म्हणजे डर्स्लीचा कारागीर जितका, तितकाच हा पोत्यावर बसलेला म्हातारा.

हें आम्हीं बऱ्याच आवेशानें सांगितलें. चाचांवर त्याचा कांहींच परिणाम झाला नाहीं.

“स्प्रिंग काढा,” ते म्हणाले. “गव्हर्नर म्हंजे लगाम. त्येला दुसऱ्याच घोड्याचा लगाम लावलाय मी. रात्र निभवायची व्हती म्हणून लावला. ह्ये चाक बिडाचं हाय, गुरुजी. उधळलं तर फुटंल, अन् फुटलं तर पुढचा माणूस राहत नाही.”

“पण इतकीं वर्षें चाललेंच कीं, चाचा.”

“आल्लाची मेहेरबानी. तुमचं कवतुक नगं.”

गव्हर्नरचें काम असें कीं फेऱ्या वाढल्या म्हणजे आंतील वजनें बाहेर फांकतात आणि स्प्रिंगच्या विरुद्ध जोर करून तेल कमी करतात. स्प्रिंग जर जरूरीपेक्षां ताठ असली, तर इंजिन जास्त वेगावर जाऊन मगच तेल कमी होतें. बिडाचें चाक त्या वेगास टिकेल याची हमी कोणीच देऊं शकत नाहीं. तेव्हां या मुद्द्यावर बोलण्यास आमच्यापाशीं कांहीं उरलें नाहीं, आणि राजकोटची योग्य स्प्रिंग बसविली. पट्टीविषयीं मात्र आम्ही अडून बसलों. ती गळत नव्हती, कोणाच्या जीवावर उठत नव्हती. तेव्हां ती काढण्याचें कारण नव्हतें. चाचांनीं ती ठोकून पाहिली, कान लावून पाहिला आणि “ऱ्हाऊ द्या” म्हणाले. रंगहि दिला नाहीं. फक्त उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरविला. जी डागडुजी धोक्याची ती जावी, जी धड आहे ती राहावी, एवढाच आमचा आतां नियम झाला आहे. तो भाच्यास अजून पटलेला नाहीं. सायकलीची स्प्रिंग आम्ही काचेच्या पेटींत ठेवणार होतों. पण चाचांनीं ती खिशांत टाकली, आणि पुढच्या वेळीं ते आले तेव्हां ती त्यांच्या नातवाच्या सायकलीच्या बैठकीखालीं बसलेली आम्हीं पाहिली.

थोरलें सुरू झालें तो दिवस माघांतला होता. या जातीच्या इंजिनांत ठिणगी नसते, हें अनेकांस ठाऊक नसतें. आंतील हवा इतकी दाबली जाते कीं ती आपोआप तापते, आणि त्या तप्त हवेंत तेलाचा तुषार सोडतांच भडका होतो. रुडोल्फ डीझेलचें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें चाललें, तें याच तत्त्वावर. म्हणून सुरू करतांना प्रथम वाल्व्ह उघडा धरून चाकास गति द्यावयाची, आणि चाकानें पुरेसा जोम धरला कीं वाल्व्ह सोडून द्यावयाचा. हँडल भाच्यानें मारलें. आमच्या खांद्यांस तें झेपण्यासारखें नाहीं. चाचांनीं दांडा सोडला. एक धक्का, एक काळा भपकारा, आणि मग तो आवाज. चार धक्क्यांच्या इंजिनांत दोन फेऱ्यांस एक भडका, म्हणजे ६५० फेऱ्यांस ३२५ भडके. सेकंदास पांचांहून थोडे अधिक. प्रत्येक ठोका निराळा ऐकूं येतो, परंतु मोजूं गेलें तर निसटतो. आमच्या मतें या संथ इंजिनांची सारी मोहिनी त्या सीमेवर आहे. चाचा डोळे मिटून ऐकत होते. “नोझल जरा वला हाय,” एवढेंच ते म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशीं काढून पाहिलें तों नोझलच्या टोंकाशीं खरोखरच तेलाचा थेंब लोंबत होता.

एकदां आम्हीं त्यांत करडईचें तेल घालून पाहिलें. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत एक डीझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें. मग आमच्या जिल्ह्यांतील करडईनें काय पाप केलें आहे? इंजिन गरम झाल्यावर तें या तेलावर अगदीं सुरळीत चाललें. मात्र आळींत भजीं तळल्याचा असा वास सुटला कीं दोन शेजारी चौकशीस आले. त्या दिवसापासून घरांतील तेलाच्या डब्यावर बारीक नजर असते.

धाकटें इंजिन खडकीच्या कारखान्याचें. पांच अश्वशक्तीचें आणि मिनिटास १५०० फेऱ्यांचें, त्यामुळें त्याच्या आवाजास थोरल्याचा डौल नाहीं. तें घाईच्या माणसासारखें सलग बोलत सुटतें. तें एका वीटभट्टीवाल्याकडून मिळालें आणि फारसा त्रास न देतां चालूं लागलें. त्याच्याविषयीं लिहिण्यासारखें विशेष कांहीं नव्हतें. पण गेल्या उन्हाळ्यांत त्यानें थोरल्यास मागें टाकलें.

सेलू तालुक्यांतील वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव गांवकऱ्यांनीं गाळ उपसून मोकळी केली, तेव्हांपासून आमच्या जिल्ह्यांत बारवांकडे लोकांचें लक्ष वळलें आहे. आमच्या शेजारच्या गांवींहि एक लहानशी बारव आहे. कमानी बुजलेल्या, पायऱ्यांवर केरकचरा, आणि मध्यें हिरवें, कुजकें पाणी. तेथील तरुणांनीं ती साफ करण्याचें मनावर घेतलें. परंतु बारव गांवाबाहेर, जवळ विजेचा खांब नाहीं. त्यांच्यापैकीं दोघे आमचे जुने विद्यार्थी, ते येऊन म्हणाले, “गुरुजी, तुमचं इंजिन पाणी ओढतं का नुसतं वाजतं?” प्रश्न उद्धट होता, पण योग्य होता. पाण्याची पातळी वरच्या कट्ट्यापासून चौदा फूट. आम्हीं मनांत २५ मधून १४ वजा केले, आणि धाकटें ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत चढविलें.

फूट व्हॉल्व्हमध्यें गाळ जाऊं नये म्हणून तो बांबूच्या टोपलींत ठेवून सोडला. ही चाचांची युक्ति. तरीहि पहिल्या दिवशीं तो सात वेळां तुंबला. तीन दिवस इंजिन चाललें. तरुण खालीं उतरून घमेल्यांनीं गाळ भरीत, आणि वर आम्ही तेल, पाणी व धूर यांची राखण करीत असूं. धुराची नळी वाऱ्याच्या दिशेनें दूर नेऊन ठेवली होती, आणि तिच्याजवळ पोरांस फिरकूं देत नव्हतों. दुसऱ्या दिवशीं दुपारीं एक म्हातारी काठी टेकीत आली. तिच्या डोक्यावर दळणाचा डबा होता. “गिरणी चालू झाली का रं?” तिनें विचारलें. पूर्वी त्या गांवची पिठाची गिरणी इंजिनावर चाले, आणि तो आवाज ऐकून बाया दळण घेऊन निघत. गिरणीस वीज येऊन पन्नास वर्षें झालीं असतील. पण तिच्या कानांत तो आवाज म्हणजे दळणच. आम्हीं तिला खरें सांगितलें. ती थोडा वेळ तेथेंच बसली, वरचे वर इंजिनाकडे बघत राहिली, आणि डबा तसाच घेऊन परत गेली.

तिसऱ्या दिवशीं गाळांतून तीन घागरी, दगडी उखळाचा अर्धा भाग आणि मोटेचें एक लोखंडी कडें निघालें. कडें गंजून कागदासारखें झालेलें होतें. चौथ्या दिवशीं पहांटे तळच्या दगडांच्या सांध्यांतून पाणी पाझरूं लागलें. दुपारपर्यंत घोटाभर झालें. स्वच्छ पाणी पाहून मंडळींस उत्साह आला आणि एकानें सुचविलें कीं आतां इंजिन लावून हें पाणी शेजारच्या मळ्यास द्यावें. आम्हीं हँडल काढून ट्रॉलींत टाकलें. आमचें हें वागणें थोडें हेकटपणाचें होतें, असें त्या तरुणांस वाटलें. आणि मळ्याचा मालक अजून आमच्याशीं धड बोलत नाहीं. त्या मळ्यांत बोअर आहे, ठिबक आहे, आणि पाण्याची नड इतकी नव्हती, एवढें आम्ही आमच्या बाजूनें सांगूं शकतों. मोटेचें कडें तेथल्याच देवळींत ठेवलें आहे.

धाकट्याची या कामांत पंपाची बेअरिंग गेली; ती मिळाली आहे, बसविणें बाकी आहे. थोरलें अद्याप चाफ्याखालीं लांकडी ओंडक्यांवरच उभें असतें, आणि चालूं लागलें कीं चार बोटें सरकतें. त्याला कायमचा ओटा बांधावयाचा आहे. चाचा सिमेंट म्हणतात, आम्ही चुना म्हणतों, आणि घरांतील मंडळी म्हणतात कीं ओटा बांधावयाचाच असेल तर तो आधीं तुळशीचा बांधावा.